‘इंड्यूस’ : आत नेणारे क्रियापद

रुग्णालयाच्या एका इंग्रजी माहितीपत्रकाचे भाषांतर करताना मी ‘इंड्यूस’साठी ‘प्रसूतीस प्रवृत्त केले जाईल’ असे लिहिले, तेव्हा परिचारिका असलेली माझी मावशी हसून म्हणाली, “अगं, औषधाने कळा आणतात, एवढंच लिही.” चूक तिने नेमकी पकडली होती. ‘प्रवृत्त करणे’ म्हणजे मन वळवणे, आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचे सलाइन लावताना कोणी गर्भाशयाचे मन वळवत नाही. इंग्रजीतील ‘इंड्यूस’ मात्र दोन्ही कामे करते, कारण ते ज्या लॅटिन ‘इंदुकेरे’वरून आले, त्यातील ‘इन’ म्हणजे आत आणि ‘दुकेरे’ म्हणजे नेणे. माणसाला एखाद्या निर्णयाकडे नेता येते, तसेच शरीराला एखाद्या अवस्थेत. ‘प्रोड्यूस’, ‘रिड्यूस’ आणि (गंमत म्हणजे) ‘ड्यूक’ही याच कुळातले आहेत.

‘इंडक्शन’ हे याच क्रियापदाचे नाम. शास्त्रज्ञ फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकीय ‘इंडक्शन’ला आपण ‘प्रवर्तन’ म्हणतो. ओट्यावरच्या इंडक्शन शेगडीतही तेच घडते: कॉइलमधील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पातेल्याच्या बुडात वीजप्रवाह निर्माण होतो आणि बूडच तापते.

‘इंड्यूस’साठी मराठीत ‘हसायला लावणे’, ‘झोप आणणे’, ‘उलटी करवणे’ अशी प्रत्येक ठिकाणी निराळी सोय आहे, आणि मला ती अधिक नेमकी वाटते.