पाठीशी भिंत असलेला फॉरवर्ड

मध्यंतराला मी शिकवतो तो फुटबॉल संघ एका गोलने मागे होता आणि कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून आमच्याच पेठेतले लोक ‘नऊ नंबरला बाहेर काढा’ म्हणून ओरडत होते. मी त्याला बाहेर काढले नाही. डाव्या टचलाइनवर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेच्या रेषेवर, पाठवले. पाहणाऱ्यांना हा ऐनवेळचा निर्णय वाटला असेल, पण त्यामागे दीड महिन्याचे निरीक्षण होते. ते नीट लिहून ठेवावे असे मला वाटते, कारण गुण असूनही ‘लहरी’ म्हणून बाजूला पडलेली मुले मी या मैदानावर पुष्कळ पाहिली आहेत.

कोल्हापुरातले बहुतेक जुने फुटबॉल संघ कुस्तीच्या तालमींतून उभे राहिले, त्यामुळे इथे संघ म्हणजे पेठेची इभ्रत असते आणि नऊ नंबरची, म्हणजे गोल करणाऱ्या मधल्या फॉरवर्डची, जर्सी घालणारा मुलगा चहाच्या टपरीपर्यंत ओळखला जातो. हा मुलगा एकोणीस वर्षांचा. वेग उत्तम, उजवा पाय अतिशय जड, आणि चेंडू पायात घेऊन समोरच्या माणसावर धावून जाण्याची अशी हिंमत की स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, मागे सरकू लागतो. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याने दोन गोल केले. पुढचे तीन सामने तो मैदानात होता की नव्हता, असे कोणीही विचारावे. पाचव्या सामन्यात पुन्हा एक गोल, तोही पंचवीस यार्डांवरून. त्यानंतर पुन्हा शुकशुकाट.

कारणे सगळ्यांकडे तयार होती: रात्री जागतो, मोबाइल सोडत नाही, डोक्यात हवा गेली आहे. मीही सुरुवातीला त्यातलीच काही खरी मानली आणि त्याला दोनदा सगळ्यांसमोर बोललो, याचे मला आज वाईट वाटते. नंतर मी त्याला स्ट्रायकरच्या मागे, दहा नंबरच्या जागेवर खेळवून पाहिले. तिथे तो आणखी बिघडला. चेंडू आला की पाठीमागून कोणीतरी पाय घालायचा, चेंडू जायचा, आणि हा जागच्या जागी उभा राहून हात पसरायचा.

मग मी वहीत एक साधी नोंद सुरू केली. चेंडू त्याच्याकडे आला त्या प्रत्येक वेळी एक रेघ. चेंडू घेताना त्याचे तोंड गोलकडे असेल तर उभी, पाठ असेल तर आडवी, आणि चेंडू गेला तर रेघेवर काट. दोन सामन्यांनंतर पान पाहिले तेव्हा बहुतेक काट आडव्या रेघांवर होते आणि उभ्या रेघा जवळजवळ स्वच्छ होत्या. ज्या सामन्यांत त्याने गोल केले होते, ते आठवून पाहिल्यावर लक्षात आले की त्या दिवशी प्रतिस्पर्धी संघ पुढे येऊन खेळले होते, त्यांच्या मागे मोकळी जागा होती आणि याला चेंडू धावता धावता, समोर तोंड असतानाच मिळत होता. समोरचा संघ मागे बसला की सेंटर फॉरवर्डला गोलकडे पाठ करून चेंडू घ्यावा लागतो, आणि तिथे याचे काहीच चालत नसे. म्हणजे त्याचा खेळ लहरीवर अवलंबून नव्हता. चेंडू येतो तेव्हा त्याचे शरीर कोणीकडे वळलेले आहे, यावर होता.

नंतरच्या प्रॅक्टिसला मी गोलच्या मागे उभा राहून फक्त त्याची मान पाहिली. पास निघाल्यापासून पायाशी येईपर्यंत ती एकदाही वळली नाही. नॉर्वेचे संशोधक गीर यॉर्डेट यांनी इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती पाहून नेमका हाच अभ्यास केला आहे: चेंडू मिळण्याआधीच्या काही सेकंदांत खेळाडू किती वेळा मान वळवून आजूबाजूला पाहतो. जे अधिक पाहतात त्यांचे पास अधिक अचूक जातात, असे त्यांना आढळले, आणि इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड हा अशा सतत पाहणाऱ्यांतला ठळक खेळाडू. आमचा मुलगा दुसऱ्या टोकाला होता. मी त्याला विचारले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “सर, पाठीवर माणूस असला की मला कायबी दिसत नाही. कुठनं येतोय तेच कळत नाही.”

त्याच आठवड्यात त्याला ताप आला म्हणून मी त्याच्या घरी गेलो. घर पेठेत, दोन माणसे शेजारी शेजारी चालू शकतील एवढ्याच रुंदीच्या बोळात. बोळाच्या एका बाजूला घरांची दारे आणि दुसऱ्या बाजूला जुन्या वाड्याची लांबलचक दगडी भिंत. चार-पाच पोरे प्लास्टिकच्या चेंडूने खेळत होती. त्यातला एक, आठेक वर्षांचा, चेंडू आला की आधी भिंतीला पाठ टेकवायचा, चेंडू तळव्याखाली घ्यायचा आणि मग तिथून निघायचा. भिंतीतून कोणी येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला पाठी घासून घासून गुळगुळीत झालेला एक लांब पट्टा होता. मी विचारले तेव्हा आमच्या खेळाडूची आई म्हणाली, “ह्योबी तसाच खेळायचा की, सर. शर्टाची पाठ दर आठवड्याला फाटायची.”

मी तिथेच उभा राहिलो. शाहू स्टेडियमवर अशी भिंत एकाच ठिकाणी असते, आणि ती म्हणजे टचलाइन. विंगर, म्हणजे कडेने खेळणारा फॉरवर्ड, लाइनला पाठ देऊन अंग मोकळे ठेवून उभा राहिला तर पाठीमागून कोणी येऊ शकत नाही, सगळे मैदान एका नजरेत राहते, आणि उजव्या पायाचा खेळाडू डावीकडे असेल तर चेंडू घेतल्याबरोबर आत वळून गोलकडे येण्याची वाट त्याच्या जड पायाला सरळ मिळते.

कमिटीतल्या ज्येष्ठांना हे पटवणे सोपे गेले नाही. गोल करणारा माणूस गोलपासून लांब का न्यायचा, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना फ्रान्सच्या थिएरी हेन्रीची आठवण दिली. युव्हेंटस या इटलीच्या क्लबमध्ये कडेला अडकून पडलेल्या हेन्रीला १९९९ मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी आर्सेनल या इंग्लिश क्लबमध्ये आणून मधला स्ट्रायकर केले. पहिल्या आठ सामन्यांत त्याला गोल नव्हता, आणि मोसम संपला तेव्हा २६ गोल होते. हे उदाहरण वरवर माझ्या विरुद्ध जाते, पण हेन्री कागदावर मध्ये असला तरी डावीकडच्या मोकळ्या जागेत सरकून, तिथून तोंड गोलकडे करून आत येत असे. जागेचे नाव काय आहे यापेक्षा चेंडू कुठे आणि कसा हाती लागतो हे महत्त्वाचे, एवढेच मला सांगायचे होते. त्यांनी ऐकून घेतले, मात्र त्या सामन्याला त्याला मध्येच खेळवण्याचा आग्रह धरला, आणि मी तो मान्य केला. पहिला हाफ तसाच गेला.

मध्यंतराला जागा सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. “सर, मला कडेला टाकलं?” आमच्याकडे कडेला टाकणे म्हणजे हिशेबातून काढणे, आणि त्याने ते त्याच अर्थाने विचारले होते. मी त्याला म्हणालो, “बोळातली भिंत आठव. लाइन तुझी भिंत. चेंडू येईपर्यंत तिला पाठ सोडायची नाही.” त्याने माझ्याकडे असे पाहिले की समजावण्याची गरजच उरली नाही.

खरी अडचण त्याच्या मागच्या बाजूची होती, कारण विंगरने परत धावून समोरच्या राइट बॅकला, म्हणजे उजव्या कडेच्या बचावपटूला, धरावे लागते आणि हे काम त्याच्या अंगात नव्हते. आमचा लेफ्ट बॅक बत्तीस वर्षांचा, शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत पाळी करून सामन्याला येणारा. तो बूट बांधता बांधता म्हणाला, “मागचं मी बघतो, सर. फक्त त्यानं आतली वाट अडवावी, बाहेरची माझी.” डावीकडच्या मिडफिल्डरला मी त्या दोघांच्या मधल्या जागेत थोडे खाली थांबायला सांगितले.

दुसऱ्या हाफमध्ये पहिले दोन चेंडू त्याने घालवले आणि गॅलरी पुन्हा पेटली. तिसरा चेंडू लेफ्ट बॅककडून आला. आमच्या मुलाची टाच लाइनच्या चुन्यावर होती. त्याने चेंडू डाव्या पायाने न अडवता उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने आत ढकलला, राइट बॅक एका पावलाने फसला, स्टॉपरला पुढे यावे लागले आणि त्याने सोडलेल्या जागेत आमचा बदली स्ट्रायकर एकटा उरला. पास जमिनीवरून गेला आणि गोल झाला. त्यानंतर त्याचा एक फटका खांबाला लागून परत आला, एकदा तो परत धावला नाही म्हणून आम्ही थोडक्यात वाचलो, आणि सामना एक-एक असाच सुटला. संध्याकाळी वहीत पाहिले तर दुसऱ्या हाफच्या रेघांत आडव्या फक्त दोन होत्या.

उरलेला हंगाम तो डावीकडेच खेळला. काही सामन्यांत गोल आले, काहींत नाही, पण दिसेनासा मात्र झाला नाही. मधली जागा मी त्याच्यासाठी कायमची बंद केलेली नाही. आठवड्यातून दोनदा, प्रॅक्टिस संपल्यावर पंधरा मिनिटे मी त्याच्या पाठीमागे उभा राहतो आणि हाताची बोटे वर करतो. समोरून पास निघतो, आणि चेंडू पायाशी यायच्या आत त्याने मान वळवून बोटे किती ते सांगायचे असते. पहिल्या दिवशी दहापैकी एकच आकडा बरोबर आला होता. गेल्या मंगळवारी सहा आले.