सुईची जबाबदारी कोणाची?

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील ढोलगरवाडीत छापा घातला आणि तेथे मेफेड्रोन, म्हणजेच 'एमडी', तयार होत असल्याचे उघड झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांच्या कारवाईचा माग पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या कारखान्यापासून कोल्हापूरशेजारच्या सांगलीतील कुपवाडपर्यंत पोहोचला. या मालासाठी अफूचे शेत लागत नाही. रसायने, एखादी आडबाजूची शेड आणि रसायनशास्त्राची जुजबी माहिती असलेला माणूस एवढे पुरते, आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यात यातले काहीच दुर्मीळ नाही. असे कारखाने बंद झालेच पाहिजेत, याविषयी माझा वाद नाही. प्रश्न आहे तो माल घेणाऱ्या पोरांचा.

नशा सुटेपर्यंत माणूस जगला पाहिजे, या विचारावर आधारलेले धोरण भारतात आहे. मणिपूरमध्ये हेरॉईनच्या सुईतून एचआयव्ही पसरला, तेव्हा त्याची निकड प्रथम जाणवली. आज राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया मिळतात आणि हेरॉईनऐवजी जिभेखाली ठेवण्याची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रावर दिली जाते. फुकट सुया वाटल्याने व्यसन वाढते, हा आक्षेप अनुभवाला धरून नाही. मात्र ही सारी रचना हेरॉईन डोळ्यांपुढे ठेवून झाली आहे. एमडीला पर्याय ठरेल असे औषध नाही. तेथे उपाय म्हणजे समुपदेशन आणि निद्रानाश, संशयाचे झटके व हृदयाच्या तक्रारी यांवर वेळीच उपचार.

कोल्हापुरात याहून अवघड प्रकार जिममध्ये दिसतो. मेफेंटरमाइन हे भूल दिल्यावर खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी वापरायचे इंजेक्शन आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरीही थकवा जाणवू नये म्हणून व्यायामाआधी ते टोचून घेणारी मुले आहेत. रक्तदाब एकाएकी चढतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात, हा धोका एक. दुसऱ्याची चर्चा फारशी होत नाही: एका बाटलीत अनेकांचे डोस निघत असल्यामुळे सुई आणि बाटली दोन्ही हातोहात फिरतात आणि त्यांच्याबरोबर हेपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीही. ही मुले स्वतःला नशेडी मानत नाहीत (त्यांच्या लेखी ते 'बॉडी'चे औषध असते), त्यामुळे ती व्यसनमुक्ती केंद्राची पायरी कधीच चढणार नाहीत.

म्हणून तपासणी जिमच्या दारात न्यावी लागेल. हेपॅटायटिस बीची लस आहे. हेपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात संध्याकाळी, नावगाव न विचारता, तपासणी व सल्ला देणारी एक खिडकी सुरू करायला नवा कायदा लागत नाही. तालमींच्या या गावात वस्तादाने एकदा सुनावले, तर ते पोलिसांच्या दहा फलकांपेक्षा अधिक मनावर घेतले जाते. ते वस्तादच अद्याप या कामात नाहीत.

एमडी घेणाऱ्यांच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा सेवन करणारा आणि विकणारा यांत फरक करतो: एमडीचे २ ग्रॅमपेक्षा कमी प्रमाण अल्प, तर ५० ग्रॅमपेक्षा जास्त प्रमाण व्यापारी मानले जाते, आणि व्यापारी प्रमाणासाठी किमान १० वर्षांची शिक्षा आहे. कलम ६४अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर तिच्यावर खटला चालत नाही. पण हे संरक्षण आरोप लागल्यानंतरचे आहे आणि उपचार अर्धवट सुटले, तर ते काढूनही घेता येते. वास्तविक पुन्हा घसरणे हा या आजाराचाच भाग आहे. पोराचे नाव पोलिसांत जाईल, पुढे लग्न जमणार नाही, या धास्तीने घरचे लोक ते दडवतात. हे संरक्षण गुन्हा नोंदण्याआधीच, उपचारासाठी आलेल्या प्रत्येकाला मिळावे, अशी दुरुस्ती संसदेने करायला हवी, आणि ती मागणी आपल्या खासदारांपर्यंत नेण्याचे काम येथील डॉक्टरांच्या व वकिलांच्या संघटना करू शकतात.