नवरा जपानी, तपासणी माझी

आम्ही ओसाका सोडून अमेरिकेला जाणार म्हटल्यापासून सगळे नवऱ्याच्याच कागदांची चौकशी करतात. आईचा तर दर रविवारी ठरलेला प्रश्न, "जावईबापूंचं काम कुठवर आलं?" अगं आई, त्यांचं केव्हाच झालं. घोडं अडलं होतं माझं, अमेरिकन पासपोर्टवालीचं.

त्याचं सोपंच होतं. जपानी लोकांचा कोसेकी, म्हणजे कुटुंबाचा सरकारी दाखला, वॉर्ड ऑफिसात मिळतो. त्याच्या नावाखाली बायको म्हणून माझी काताकाना लिपीत एवढीशी नोंद आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलं की लग्नाचा पुरावा झाला. पोलिसांचा दाखला बोटांचे ठसे देऊन मिळाला, तोही बंद पाकिटात. पाकीट फोडलं तर दाखला बाद. नवऱ्याने ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं आणि मला हातसुद्धा लावू दिला नाही!

माझ्या बाजूने पहिला अर्ज आय-१३०, म्हणजे हा माझा नवरा आहे असं अमेरिकन सरकारला दाखवणारा. परदेशात राहत असलो तरी तो ऑनलाइन भरता येतो, फी ६२५ डॉलर. वकिलातीत थेट अर्ज फक्त अपवादात्मक परिस्थितीतच घेतात. तो मंजूर झाला आणि मग आला आय-८६४, नवऱ्याचा खर्च मी उचलेन असं हमीपत्र.

यात दोन गोष्टी लागतात. एक, उत्पन्न गरिबी रेषेच्या सव्वापट हवं. २०२५च्या आकड्यांप्रमाणे दोघांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर लागत होते. माझा येनमधला पगार त्याहून बराच जास्त आहे, पण इथली नोकरी सोडून जाणार म्हटल्यावर तो धरत नाहीत. कमी पडेल त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवता येते, नाहीतर अमेरिकेत राहणारा जोड हमीदार शोधायचा.

दुसरी गोष्ट डोमिसाइल, म्हणजे माझं कायमचं घर अमेरिकेत आहे हे दाखवणं. आपल्याकडे तहसील कार्यालयातून तसा दाखला आणतात. अमेरिकेच्या या कामात असा एक कागद कुणी देत नाही, आपणच पुरावे जमवायचे. न्यू जर्सीतलं जुनं बँक खातं, टपालाने केलेल्या मतदानाच्या नोंदी, नोकरीसाठी चाललेला पत्रव्यवहार, आणि सुरुवातीला मामेभावाकडे राहणार असल्याचं त्याचं पत्र. जोड हमीदार मिळाला तरी यातून सुटका नाही, डोमिसाइल अर्जदाराचंच लागतं. परदेशात राहून जोडीदाराला नेणाऱ्यांनी याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इथून वर्षानुवर्षं भरलेले अमेरिकेचे टॅक्स रिटर्नही तेव्हाच उपयोगी पडतात.

जोड हमीदार म्हणूनही मामेभावालाच गळ घातली. आपल्यात सख्ख्या भावालाही पगार विचारत नाहीत, आणि मी थेट म्हणाले, "दादा, तुझा टॅक्स रिटर्न पाठव." तो लगेच हो म्हणाला. वहिनी मात्र हुशार. तिने सगळा फॉर्म वाचला आणि व्हिडिओ कॉलवर, नवरा शेजारी बसलेला असताना, शुद्ध मराठीत विचारलं, "तुमचं उद्या फाटलं तर आम्ही सुटलो ना?"

खरं ते सांगावं लागलं. घटस्फोटाने ही हमी सुटत नाही. नवरा अमेरिकन नागरिक होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत ती चालते. तो अमेरिका कायमची सोडून गेला किंवा वारला, तर त्याआधी संपते. वहिनी जरा गप्प झाली, मग म्हणाली, "म्हणजे आमच्यापेक्षा पक्कं लग्न तुमचं." सही झाली, पण नवऱ्याला नोकरी मिळेपर्यंत तिला दर महिन्याला खबर द्यायची, या अटीवर.

लग्नाला दोन वर्षं उलटून गेली आहेत, त्यामुळे त्याला दोन वर्षांचं सशर्त नाही, दहा वर्षांचं ग्रीन कार्ड मिळेल. राहिली विमानाची तिकिटं. त्याने एकट्याने पुढे जाऊन चालणार नाही; मी आधी पोचायचं, नाहीतर दोघांनी बरोबर. त्याला ऑफिसातलं काम दुसऱ्याकडे सोपवायला महिना लागतोय, म्हणून मी आधी जाते आहे. वहिनीने खोली रिकामी करून ठेवली आहे आणि पहिली खबरही आत्ताच मागितली आहे.