विमानाचा नंबर बदलताना : माझा अनुभव

अमेरिकेत खासगी विमानाला आपल्या पसंतीचा नोंदणी क्रमांक घेता येतो, हे आमच्या इथल्या मराठी मंडळींपैकी अनेकांना माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं त्यांना ते गाडीच्या फॅन्सी नंबरसारखंच वाटतं : पैसे भरले, पाटी बदलली, झालं. मी टेक्सासमध्ये राहतो. माझ्याकडे १९७४ सालचं सेसना १७२ हे छोटं विमान आहे आणि गेल्या वर्षी मी त्याचा नंबर बदलून घेतला. गाडीच्या पाटीशी या कामाचं फारसं साम्य नाही. विमानाचा नंबर म्हणजे रेडिओवरचं त्याचं नाव आणि रडारला कळणारा त्याचा इलेक्ट्रॉनिक पत्ता. कॉकपिटमधल्या बहुतेक सगळ्या कागदांवरही तोच असतो. त्यामुळे तो आरक्षित करणं सोपं, पण बदलणं म्हणजे बऱ्याच ठिकाणी हात घालणं.

हा खटाटोप करायचं कारण माझे बाबा. त्यांची सगळी नोकरी ओझरला एचएएलमध्ये गेली. मिग-२१ बनवण्यासाठी १९६४ साली नाशिकजवळ उभा राहिलेला तो कारखाना. बाबा तिथे फिटर होते. माझ्या विमानप्रेमाचं मूळ तिथेच आहे, म्हणून नंबरात २१ आणि बाबांच्या नावाची दोन अक्षरं, व्ही आणि के, असावीत असं मी ठरवलं होतं.

इथे पहिला अडसर नियमांचा. अमेरिकन विमानाचा क्रमांक 'एन'ने सुरू होतो आणि त्यापुढे जास्तीत जास्त पाच चिन्हं येतात. नुसते आकडे चालतात, किंवा शेवटी एक अक्षर, किंवा शेवटी दोन. तीन अक्षरं नाहीत आणि अक्षर मध्ये घालता येत नाही. पहिला आकडा शून्य नसावा. आय आणि ओ ही अक्षरं मुळातच बाद, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. म्हणजे कुणाला शेवटी 'ओएम' हवं असेल तर मिळणार नाही, 'एआय'ही नाही. एन१ ते एन९९ हे क्रमांक एफएए, म्हणजे अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, स्वतःसाठी राखून ठेवतं. तेही धरून हा सगळा हिशेब मांडला की एकूण ९,१५,३९९ क्रमांक निघतात. आकडा मोठा वाटतो, पण प्रत्यक्ष शोधायला बसलं की आवाका कळतो. 'व्हीके'ने संपणारे आणि त्याआधी तीन आकडे असलेले क्रमांक नऊशे, पण त्यांतले २१ वर संपणारे फक्त नऊ : १२१, २२१ असं करत ९२१ पर्यंत. त्यांतले बहुतेक कुणाच्या तरी विमानावर होते किंवा कुणीतरी धरून ठेवले होते. जे मोकळे होते त्यांतला एक मी घेतला.

पूर्ण क्रमांक इथे देत नाही. एफएएच्या रजिस्ट्रीत क्रमांक टाकला की मालकाचं नाव आणि पत्ता कुणालाही दिसतो, ही पद्धत वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. ही माहिती झाकून ठेवण्याची विनंती करायची सोय २०२५ मध्ये आली आणि ज्यांनी अजून केली नसेल त्यांनी ती जरूर करावी.

भारतात पद्धत वेगळी आहे. 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं, आकडे नाहीत. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेलं पस मॉथ विमान व्हीटी-एडीएन होतं. आणि कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे अमोल यादव आठवा. त्यांच्या विमानाला २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली, त्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नावांची अक्षरं आहेत. मराठी माणसाने आपल्या विमानाला निवडून घेतलेल्या अक्षरांचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. गच्चीवर विमान बांधून ते डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक संचालनालयाच्या, नोंदवहीपर्यंत नेणं म्हणजे काय, याची थोडी कल्पना मला माझे कागद गोळा करताना आली. त्या माणसाबद्दल मला अतिशय आदर आहे.

क्रमांक मोकळा आहे हे दिसलं की तो ऑनलाइन आरक्षित करता येतो. शुल्क दहा डॉलर, मुदत एक वर्ष, पुढच्या वर्षी धरून ठेवायचा असेल तर पुन्हा दहा डॉलर. एफएएच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच करा. याच कामाचे कितीतरी पट पैसे मागणारे मध्यस्थ शोधात आधी वर येतात आणि त्यांची पानं सरकारी वाटावीत अशीच केलेली असतात.

पण पैसे भरायला कार्ड काढण्याआधी एक काम करा : तो नंबर मोठ्याने बोलून बघा, रेडिओवर बोलतो तसा. हे मला माझ्या जुन्या इन्स्ट्रक्टरबाईंनी सांगितलं आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा सल्ला तोच ठरला. पहिल्या संपर्कात आपण पूर्ण क्रमांक सांगतो, पण नंतर कंट्रोलर तो छोटा करतो. विमानाचा प्रकार आणि शेवटची तीन चिन्हं, बस्स. म्हणजे मी कितीही हौसेने २१ घातले तरी दिवसभर हाक येणार ती 'सेसना वन व्हिक्टर किलो' अशी (व्ही आणि के रेडिओवर असे बोलतात). दोन गळून पडतो, एक उरतो. हे लक्षात आल्यावर मी थोडा थबकलो. मग ठरवलं की बाबांची अक्षरं तर राहतात ना, आणि पूर्ण क्रमांक विमानाच्या अंगावर असणारच आहे. दुसरी गोष्ट, तुमच्या विमानतळावर कुणाची शेवटची तीन चिन्हं अशीच किंवा कानाला तशीच आहेत का, हे हँगरांच्या रांगेतून एक फेरी मारून पाहून या. एकाला दिलेली उतरण्याची परवानगी दुसऱ्याने उचलली तर काय होईल हे सांगायला नको. माझ्या इथे पायपर कंपनीचं एक विमान आहे, शेवटी वन व्हिक्टर माइक, म्हणजे १व्हीएम. त्याच्या मालकाला मी आधी विचारलं. तो म्हणाला, पायपर आणि सेसना हा फरक पुरेसा आहे, आणि तरी दोघंही एकाच वेळी पॅटर्नमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या उतरण्याच्या ठरलेल्या मार्गावर, असलो तर पूर्ण क्रमांक बोलू. तसं आम्ही आजही करतो.

आरक्षण झालं म्हणजे नंबर विमानाला लागला असं नाही. त्यासाठी ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीला वेगळी विनंती करावी लागते : विमानाचा सध्याचा क्रमांक, बनवणारी कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि हवा असलेला क्रमांक. विमान माझ्या आणि बायकोच्या नावावर असल्यामुळे दोघांच्या सह्या. मग टपालाने येतो एसी फॉर्म ८०५०-६४. तो हातात पडेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. स्टिकर तयार असले, रंगवाला मोकळा असला, तरीही नाही.

फॉर्म आल्यावर मात्र घड्याळ सुरू होतं. नवा क्रमांक विमानावर लावल्यापासून पाच दिवसांत फॉर्मवर तारीख घालून, सही करून तो परत पाठवायचा. त्याची दुसरी प्रत विमानात ठेवायची, तीच तात्पुरती परवानगी. नवं नोंदणी प्रमाणपत्र येईपर्यंत ती चालते, पण जास्तीत जास्त १२० दिवस. म्हणून मी क्रम असा लावला की फॉर्म आल्यावर आधी एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, दुकानाची वेळ घेतली आणि त्याच आठवड्यात अक्षरं लावायला दिली. दोन्ही कामं एकाच वेळी झाली पाहिजेत. ती का, हे पुढे येतं.

आधी अक्षरं. माझ्या विमानावर जुना नंबर लहान अक्षरांत होता. तीस वर्षांपेक्षा जुन्या लहान विमानांना दोन इंच उंचीची अक्षरं चालतात आणि बऱ्याच जणांना जुनं रूप राखायला ती आवडतात. पण देशाबाहेरून परत येताना जो संरक्षण पट्टा ओलांडावा लागतो, ज्याला इथे सगळे एडीआयझेड म्हणतात, तिथे बारा इंच लागतात. आम्हाला बहामाला जायचं आहे, म्हणून बारा इंच.

बारा इंच म्हटलं की बाकी सगळी मापं नियमच ठरवून देतो. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे आठ इंच. रेघेची जाडी उंचीच्या एक षष्ठांश, म्हणजे दोन इंच. 'एक' हा आकडा मात्र आठ नव्हे, दोनच इंच रुंद. दोन चिन्हांमधली जागा रुंदीच्या पाव हिश्शापेक्षा कमी नको, म्हणजे पुन्हा दोन इंच. सहा चिन्हं आणि मधल्या पाच फटी धरून पट्टी बावन्न इंच लांब होते. ही बेरीज मी फ्यूजलाजवर, म्हणजे विमानाच्या धडावर, मास्किंग टेप लावून प्रत्यक्ष मोजली, कारण खिडकीच्या मागे ज्या ठिकाणी अक्षरं बसवायची तिथे विमान शेपटीकडे निमुळतं होत जातं. रंग नको होता, व्हिनाइल घेतलं. अक्षरं पक्की बसलेली, नक्षी नसलेली आणि पार्श्वभूमीवर उठून दिसणारी असावीत एवढीच अट आहे. लावणाऱ्या मुलाने साबणाचं पाणी फवारून, अक्षर जागेवर सरकवत सरकवत, मग मधून बाहेरच्या बाजूला रबरी पट्टीने पाणी काढत एकेक अक्षर बसवलं. रिव्हेट्सच्या डोक्यांवर त्याने बोटाने पुन्हा पुन्हा दाबलं, कारण तिथेच पहिल्यांदा हवा धरते. जुना नंबर काढल्यावर त्याखालचा रंग आजूबाजूपेक्षा गडद निघाला. इतक्या वर्षांच्या उन्हाने बाकीचा फिका पडलेला. पॉलिश करून तो बराच मिसळला. नवी अक्षरं त्याच जागेवर येतील असं बघा, म्हणजे हा प्रश्नच कमी होतो.

आता ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणारं यंत्र. अमेरिकेत प्रत्येक एन-क्रमांकाला गणिताने ठरलेला चोवीस बिटांचा एक कोड असतो. क्रमांक बदलला की कोड बदलतो, आणि तो ट्रान्सपॉन्डरमध्ये व एडीएस-बीच्या, म्हणजे विमानाची जागा सतत प्रसारित करणाऱ्या, पेटीत नव्याने भरावा लागतो. २०२० पासून मोठ्या विमानतळांभोवतीच्या हद्दीत एडीएस-बी सक्तीचं आहे. विमानाच्या अंगावर एक नाव आणि हवेत प्रसारित होणारं दुसरं, हे चालत नाही. म्हणून अक्षरं आणि कोड एकाच वेळी बदलायचे. दुकानवाल्याने कोड बरोबर भरला, पण फ्लाइट आयडी नावाची वेगळी नोंद जुनीच राहिली. हे कळलं कसं, तर एफएएची एक मोफत सोय आहे : एडीएस-बीच्या हद्दीत थोडा वेळ उडून या आणि त्या उड्डाणाचा अहवाल मागवा, तो ईमेलने येतो. माझ्या अहवालात आयडीचा रकाना लाल आला. दुकानात परत गेलो, पाच मिनिटांचं काम होतं, पुढचा अहवाल स्वच्छ. हा अहवाल मागवल्याशिवाय दुकानाचं काम पूर्ण झालं असं कुणी समजू नये, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

ईएलटी, म्हणजे अपघात झाला तर आपोआप हाक देणारं यंत्र, हे तर मी सगळ्यांत वर ठेवेन. त्याची नोंद एनओएए या अमेरिकेच्या हवामान व सागर संस्थेकडे असते, ती मोफत बदलता येते आणि ऑनलाइन होते. जुन्याच क्रमांकाखाली ती राहिली तर शोध घेणारी माणसं चुकीच्या विमानाची चौकशी करत बसतील. आपलं यंत्र कोणत्या पद्धतीने कोड केलेलं आहे हे मेकॅनिकला विचारा. काहींमध्ये विमानाचाच क्रमांक किंवा चोवीस बिटांचा कोड भरलेला असतो आणि मग यंत्रही नव्याने प्रोग्राम करावं लागतं.

राहिलं एअरवर्दिनेस, म्हणजे उड्डाणयोग्यतेचं, प्रमाणपत्र. त्यावरही क्रमांक असतो. जवळच्या एफएए कार्यालयात फॉर्म ८१३०-६, ८०५०-६४ ची प्रत आणि जुनं प्रमाणपत्र असं दिलं. तिथल्या अधिकाऱ्याने कागद नीट पाहिले, लॉगबुकमधला सिरियल नंबर पडताळला आणि नवं प्रमाणपत्र दिलं. सिरियल नंबर आणि डेटा प्लेट कधीच बदलत नाहीत. विमानाचा खरा इतिहास त्यांच्या आधारावरच चालतो, नंबर कितीही वेळा बदलला तरी. विमा, हँगरचा करार, वजन-तोलाचा कागद, पॅनेलवरची छोटी पट्टी ही कामं एका संध्याकाळी उरकली. नवं नोंदणी प्रमाणपत्र १२० दिवसांच्या बरंच आत आलं. ते आता सात वर्षं चालतं, पूर्वी तीनच होती.

नाशिकला बाबांना फोटो पाठवला तेव्हा त्यांनी आधी अक्षरांच्या कडा मोठ्या करून पाहिल्या आणि विचारलं, रिव्हेटवर नीट बसलंय ना? मग नंबर वाचला.

खर्चाचं विचाराल तर आरक्षणाचे दहा डॉलर हिशेबात धरायचीही गरज नाही. खरे पैसे व्हिनाइल आणि एव्हिऑनिक्सच्या दुकानात जातात. म्हणून विमान रंगायला किंवा नवा ट्रान्सपॉन्डर बसवायला जाणारच असेल तर नंबर त्याच वेळी बदलावा. आणि विमान अजून नसेल तरी क्रमांक धरून ठेवता येतो. न्यू जर्सीतला माझा एक मित्र गॅरेजमध्ये किटवरून विमान बांधतो आहे. पंख झाले आहेत, इंजिन यायचं आहे. मुलीच्या अक्षरांचा क्रमांक त्याने आत्ताच घेऊन ठेवला. स्वतः बांधलेल्या आणि १८० नॉटपेक्षा जास्त क्रूझ न करणाऱ्या विमानाला तीन इंचांची अक्षरं चालतात, त्यामुळे त्याचा तोही खर्च वाचेल. त्याला मी एवढंच सांगितलं आहे की घर बदललं तर रजिस्ट्रीला पत्ता कळव आणि नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये घालून ठेव, कारण मुदत चुकली तर तो क्रमांक दुसरा कुणीही उचलू शकतो.