माळ्यावरची बाटली

मे महिना लागलाय, दुपारचे तीन वाजलेत, कूलर नुसती गरम वाफ फेकून राह्यला, आणि मी आत्ताच शिडी लावून माळ्यावर जाऊन आलो, फक्त एक बाटली पाहायला. बायको म्हणते, या उन्हात कशाला चढता. पण तिलाही माहीत आहे कशाला ते.

आमच्या घरात दारू कधी आली नाही. कारण माझा मोठा भाऊ. आधी मोहाची, मग देशी, मग हाती लागेल ती, आणि एकेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्या तेरवीच्या दिवशी मी ठरवलं की या उंबऱ्याच्या आत थेंब येणार नाही, आणि ते पाळलं. म्हणून पोरगी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शिकून नाशिककडं एका वायनरीत लागली तेव्हा मी दोन महिने तिच्याशी धड बोललो नाही, आणि गावात कोणी विचारलं की सांगायचो, द्राक्षाच्या कंपनीत आहे म्हणून. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं, आणि तिला ते कळत होतं.

या संक्रांतीला ती आली. समृद्धीवरून कारंज्याला उतरली की आमचं दारव्हा तालुक्यातलं गाव फार लांब नाही. गाडीतून एक खोका काढला, जुन्या गोधडीत गुंडाळलेला, आणि उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहून म्हणाली, "बाबा, दोन वाईन आणल्या हायेत. नाई म्हणाल तर गाडीतच राहतील, मी काही मनाला लावून घेणार नाई." मी तिच्याकडं पाहिलं. दहा वर्षं ही पोरगी काय काम करते हे मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. म्हटलं, आण बाई आत.

(परवान्याचंही तिनं आधीच पाहून ठेवलं होतं. आपल्या महाराष्ट्रात प्यायचा परवाना लागतो, आणि आमच्या शेजारचा वर्धा तर बंदीचा जिल्हा, म्हणून ती या बाबतीत फार काटेकोर आहे.)

जेवण मी करणार हे ठरलेलंच होतं. आमच्याकडं शेतातल्या पार्टीला रोडगे पुरुषच करतात, आणि पोरगी लहान असल्यापासून माझ्या हातचेच खाते. जाडसर दळलेली कणीक, ओवा, मीठ, तेलाचं मोहन, पारीवर पारी घडी घालून गोळे वळायचे आणि गोवऱ्यांचा आर पडला की त्यात पुरायचे. जाळ असताना टाकले की वरून कोळसा आणि आतून कच्चे, म्हणून वाट पाहावी लागते, तासभर तरी. सोबत वांग्याची भाजी आणि गावरान कोंबड्याचा रस्सा. मी मसाला वाटत होतो तर पोरगी येऊन म्हणे, "बाबा, तिखट अर्धंच टाका." का वं? तर म्हणे जास्त तिखटानं लाल वाईन कडू अन् तुरट लागते, तोंडातली आगही वाढते, तूप अन् मटणा-कोंबड्याचा रस मात्र तिला मऊ करते. आयुष्यात पहिल्यांदा मी कोंबड्यात तिखट कमी टाकलं, खोबरं-खसखस वाढवली, वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर.

पहिली बाटली अकलूजची होती, आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली, फ्रातेल्ली कंपनीची सेत्ते नावाची लाल वाईन. सेत्ते म्हणजे इटालियनमध्ये सात. २०११ सालची. पोरीनं ती घेतली होती आणि इतकी वर्षं नाशिकला थंड खोलीत, बारा-चौदा डिग्रीत, आडवी झोपवून ठेवली होती, आडवी अशासाठी की बूच आतून ओलं राहावं, वाळलं की हवा शिरते. घरी आल्यावर मात्र आदल्या रात्रीपासून तिनं ती कोठीजवळ उभी करून ठेवली. मी विचारलं, आता उभी काहून? तर म्हणे गाळ खाली बसू द्या. आणि मग तिनं जे सांगितलं ते मला एकदम समजलं, कारण ते लोणच्यासारखं आहे. नव्या लाल वाईनमध्ये तुरटपणा फार असतो, द्राक्षाच्या सालीचा, बियांचा, त्याला ते टॅनिन म्हणतात. वर्षं गेली की ते टॅनिनचे कण एकमेकांना धरून मोठे होतात, जड होतात, तळाला बसतात, रंगही त्यांच्यासोबत उतरतो, आणि वर जे राहतं ते मऊ होतं. मुरते म्हणजे हेच. सगळ्याच वाईन मुरत नाहीत हेही तिनं सांगितलं, बऱ्याचशा तीन-चार वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, ठेवल्या तर नुसत्या म्हाताऱ्या होतात.

बूच अर्ध्यात तुटलं. मी घाबरलो, ती नाही. कापसाच्या बोंडातून काडी काढावी तसं उरलेलं हळूच काढलं, बाटलीच्या मानेमागं मोबाईलची बॅटरी धरायला लावली मला, आणि काचेच्या भांड्यात इतकं सावकाश ओतलं की मी श्वास धरून होतो. मानेशी काळसर गाळ आला की थांबली. भांड्यातला रंग कडेला विटेसारखा, मधे काथासारखा.

पहिला घोट मला आंबटच लागला, आणि मागून तुरट, कच्चं टेंभरू खाल्ल्यासारखं. मी काही बोललो नाही. "रोडगा खा तुपात बुडवून, मग घ्या," ती म्हणाली. तसं केलं. आणि दुसऱ्यांदा ती वाईन वेगळीच होती, चिंच, सुपारी, लाकूड, असं एकामागून एक येत गेलं, आणि घोट गिळल्यावरही किती वेळ तोंडात राहिलं. मी हे तिला सांगितलं तशी ती पोरगी इतकी खूश झाली, मॅट्रिकच्या निकालाला झाली नव्हती.

मग मी विचारलं, जे दहा वर्षं विचारायचं राहिलं होतं. तू रोज पितेस का? ती म्हणाली, "बाबा, दिवसाला तीस-चाळीस नमुने तोंडात घेते अन् थुंकते. थुंकावंच लागते, नाईतर कामच होणार नाई." माझा भाऊ नाक दाबून एका घोटात संपवायचा, काय पितोय हे त्यानं कधी चाखलंच नाही. हे मी तिला बोलून दाखवलं. मोठ्या बाबांबद्दल आमच्या घरात असं बसून बोलणं पहिल्यांदा झालं. तिची आईही येऊन बसली, घेतली नाही, पण भांडं नाकाशी धरून वास घेतला.

दुसरी बाटली मदिराची. मदिरा नावाचं पोर्तुगालचं बेट आहे अटलांटिकमध्ये, तिथली बुआल द्राक्षाची, वीस वर्षांची. मी सहज म्हटलं होतं की अशी वाईन आपल्याकडं ठेवली असती तर मे महिन्यात तिची कढी झाली असती. ती हसून म्हणाली, थांबा, ही पाहा. या वाईनमध्ये द्राक्षाचीच कडक दारू घालतात, आणि मग तिला मुद्दाम तापवतात. काही टाक्यांमध्ये पंचेचाळीस-पन्नास डिग्रीवर तीन महिने तरी, आणि चांगली असेल ती पिंपात भरून छपराखालच्या गरम माळ्यावर, वर्षानुवर्षं. जुन्या काळी ही पिंपं जहाजातून उष्ण मुलखात जायची, पार हिंदुस्थानपर्यंत, आणि प्रवासात तापून परत आलेली वाईन गेलेल्यापेक्षा चांगली निघायची, म्हणून लोक तशीच मागू लागले. पंचेचाळीस डिग्री! ते तर आमच्या गावाचं तापमान आहे.

ती आम्ही तिळाच्या पोळीसोबत घेतली, अगदी बोटभर. जळका गूळ, भाजलेले तीळ, संत्र्याची वाळकी साल, आणि गोडावर आंबटपणा असा की जीभ स्वच्छ होते. बायकोनं माझ्या ग्लासातला एक घोट घेतला, पोळीचा तुकडा मोडला, आणि परत एक घोट घेतला.

निघताना पोरगी बाटली तशीच ठेवून गेली, अर्ध्यापेक्षा जास्त भरलेली. म्हणाली, बाकीच्या वाईन उघडल्या की दोन-तीन दिवसांत जातात, ही महिनोन्‌महिने टिकते, जे बिघडायचं ते तिचं आधीच होऊन गेलंय, फक्त थेट उन्हात ठेवू नका. मी ती टिनाखालच्या माळ्यावर ठेवली, भावाच्या जुन्या पेटीमागं सावलीत. आज हात लावून पाहिला तर काच कोमट लागली. पातळी जिथं होती तिथंच आहे. पोळ्याला येते म्हणालीय.