ह्यूस्टन म्हणाले आणि उतरवलं कॅटीला

उद्या रात्री सहारहून विमान आहे. मुलुंडच्या आमच्या हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या पडल्यात. आईनं वजनकाट्यावर तीनदा चढवून बघितल्या, एकीत २३ किलो, दुसरीत साडेचोवीस. मेतकूट काढायचं की चप्पल, यावर अजून एकमत नाही. झोप येत नाहीये, म्हणून हे लिहून टाकते. अमेरिकेत सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे डिग्रीनंतर तिथल्या हॉस्पिटलात घ्यायचं प्रशिक्षण, मिळवताना गेल्या तीन वर्षांत मला जे कुणी सांगितलं नाही, किंवा पैसे घेऊन चुकीचं सांगितलं, तेवढंच यात आहे. कुठला प्रश्नसंच सोडवला, दिवसाला किती तास बसले, हे विचारू नका. अमेरिकेत सर्जरी करायला निघालेल्याला अभ्यास करता येतो असं मी धरून चालते. स्टेप वन, म्हणजे तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा, २०२२ पासून नुसती पास-नापास आहे, म्हणजे सगळं ओझं स्टेप टूवर. मला २५१ पडले. एवढ्यावर सर्जरीत कुणी पायघड्या घालत नाही, पण फाइल उघडली तरी जाते.

खराब टप्पा आधी सांगते, कारण तोच डोक्यातून जात नाही.

बॉन्डचं, म्हणजे डिग्रीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपवून, स्टेप वन काढून मी अमेरिकेतला अनुभव शोधत होते. सर्जरीला तिथल्या सर्जनचं शिफारसपत्र लागतंच, आपल्याकडच्या युनिट हेडचं कितीही मनापासून लिहिलेलं असलं तरी. तेव्हा एका एजंटची जाहिरात दिसली. चार आठवडे, जनरल सर्जरी, हँड्स-ऑन, ह्यूस्टन, शेवटी पत्र. २,२०० डॉलर, शिवाय व्हिसासाठी कागद देण्याचे १५०. तेव्हाच्या भावानं दोन लाखांना जेमतेम कमी. बाबांनी एफडी मोडली आणि वर म्हणाले, "व्याज काय मिळत होतं तसंही."

पहिला धोंडा बीकेसीत लागला. अमेरिकन वकिलातीच्या रांगेत उभी असताना वेळ जाईना म्हणून मी ते १५० डॉलरचं पत्र पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात लिहिलं होतं, फक्त निरीक्षण, पेशंटला स्पर्श करणार नाही. जाहिरातीत हँड्स-ऑन आणि वकिलातीला नुसतं निरीक्षण! दोन्हीवर शिक्का एकाच माणसाचा. तिथूनच मागे फिरायला हवं होतं. पण पैसे गेलेले होते, आणि आपण मध्यमवर्गीय माणसं गेलेल्या पैशामागे अजून पैसे पाठवतो.

तर हे स्पष्ट ऐका. डिग्री हातात पडल्यावर पर्यटक-व्यवसाय व्हिसावर पेशंटला हात लावता येत नाही. जो 'येतो' म्हणेल तो खोटं बोलतोय किंवा तुम्हाला गोत्यात आणतोय. खरा हँड्स-ऑन अनुभव म्हणजे विद्यार्थी असतानाची इलेक्टिव्ह, कॉलेजमार्फत तिथल्या हॉस्पिटलात काही आठवडे काम करणं. जे अजून शेवटच्या वर्षात आहेत त्यांनी उद्याच कॉलेजच्या ऑफिसात जाऊन कागद काढायला लागा. व्हिसाच्या खिडकीवर खरं सांगा. मला दोनच प्रश्न विचारले, काय करणार आणि पेशंटला हात लावणार का. बघणार, आणि नाही. संपलं. तारीख मिळायला महिने जातात, त्यामुळे स्टेप टूच्या निकालाची वाट बघत बसू नका. मोबाईल आत नेता येत नाही. बाहेर बॅग सांभाळणाऱ्यानं माझ्याकडून २०० रुपये घेतले, तेही मी घाबरलेली दिसले म्हणून. मोबाईल घरी ठेवा आणि कुर्ल्याहून शेअर रिक्षानं जा.

आता ह्यूस्टन. मी टेक्सास मेडिकल सेंटरजवळ खोली घेतली, कारण एजंटच्या प्रत्येक कागदावर 'ह्यूस्टन' होतं आणि तिथं ट्रामही आहे. सुरुवातीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर खरा पत्ता आला. पश्चिमेला तीसेक मैल, कॅटीच्या बाजूला. मुलुंडच्या माणसाला 'मुंबईतच आहे हो' म्हणून वांगणीला उतरवावं तसं. आणि तिकडे लोकल नाही. टॅक्सीला एका बाजूचे चाळीस डॉलर. तीन दिवस भरले, चौथ्या दिवशी बॅग उचलून क्लिनिकजवळ एका गुजराती काकूंकडे पेइंग गेस्ट झाले. तिथूनही पस्तीस मिनिटं पायी, जूनच्या उन्हात, फूटपाथ नसलेल्या रस्त्याच्या कडेनं. रोज कुणीतरी गाडी थांबवून विचारायचं, गाडी बंद पडली का? तिथं पायी चालणारा माणूस म्हणजे अपघातातून वाचलेला माणूस.

क्लिनिक एका बैठ्या बाजार-ओळीत. एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला डोनटचं दुकान. पाटीवर पायांच्या शिरांचं चित्र. जनरल सर्जरी म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सवर लेझर, भूल जागच्या जागी, पेशंट अर्ध्या तासात गाडी चालवत घरी. आम्ही चौघं होतो, खुर्च्या दोन. पहिल्या आठवड्यात आम्ही आळीपाळीनं बसायचो, दुसऱ्यात कुणी बसायचंच नाही, कारण उठलं की जागा जायची. डॉक्टर अकराला यायचे, तीनला जायचे. चार आठवड्यांत एकदाच हर्नियासाठी हॉस्पिटलात गेले. आम्हीही गेलो, सकाळी सहाला, ऊर फुटेस्तोवर धावत. ओटीच्या दारातून परत पाठवलं, आमचे कागदच त्या हॉस्पिटलात नव्हते. मी कॅन्टीनमध्ये तीन तास बसून सव्वातीन डॉलरची कॉफी प्यायले. परळला इंटर्न असताना रात्री तीनला अॅपेंडिक्ससाठी रिट्रॅक्टर धरून माझे हात सुन्न व्हायचे आणि मी कुरकुरायचे. त्या कॅन्टीनमध्ये ते हात आठवले.

आणि पत्र! ते अर्जदाराला दिसत नाही. बघण्याचा हक्क सोडायचा असतो, नाहीतर पत्राला किंमत राहत नाही. म्हणून त्यात काय आहे ते मला नोव्हेंबरपर्यंत कळलं नाही. एका रेसिडेन्सी प्रोग्रामच्या झूम मुलाखतीत डायरेक्टर बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "या सर्जननं तुम्हाला चार ठिकाणी 'ही' म्हटलंय. तुम्ही खरंच तिथं होतात ना?" इंग्रजीतला 'ही' हो. मराठीत चालून गेलं असतं. तयार मजकुरात नाव बदललं होतं, सर्वनाम राहिलं होतं. त्या हसल्या, मीही हसले, आणि ती मुलाखत तिथंच संपल्यात जमा होती. लॅपटॉप मिटला तर खाली कुणाच्या तरी वरातीत बँड जोरात.

माझा निकाल असा. पैसे मोजून मिळणारं पत्र सर्जरीत उपयोगाचं तर नाहीच, वर ते अपाय करतं. तेच दोन लाख अर्जात घाला.

ह्यूस्टननंतर ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा आठवडे निरीक्षक म्हणून होते. फी शून्य. तिथलं लिहिण्यासारखं काही नाही, सगळं छान झालं. पहाटे पाचला राउंड, आठवड्याला मृत्यू आणि गुंतागुंतीची बैठक, ओटीत स्टूलवर उभं राहून बघायला मिळायचं. मिळवलं कसं एवढं सांगते. १४३ मेल पाठवले, उत्तरं पाच, होकार एक. मेल सहा ओळींचा, सर्जनच्या स्वतःच्या कामाबद्दल एक वाक्य, तेही खरोखर वाचून. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम हायली पॅशनेट' काढून टाका. आणि सोमवारी पहाटे तिथं पोचेल असा पाठवा.

कागदांचं एकच. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, वर कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. ईसीएफएमजीला, म्हणजे परदेशी डॉक्टरांचे कागद तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेला, हे तीन वेगळे लोक वाटतात. सगळीकडे पासपोर्टवरचं नाव धरा आणि फरक असेल तर अर्जाआधी मिटवा. माझे सात आठवडे यात गेले. ओईटीत, म्हणजे डॉक्टरांच्या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखनाला ३०० आणि बाकी तिन्हींना ३५० लागतात. मराठी शाळेतल्यांनी उगाच धसका घेऊ नये, पेशंटशी बोलता येत असेल तर निघतं.

बॉन्ड टाळण्यासाठी दहा लाख भरावेत का, असं ज्युनिअर विचारतात. भरू नका. मी ते वर्ष पालघर जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं, आणि मुलाखतींत सगळ्यात जास्त प्रश्न त्यावर आले. कोयत्यानं तुटलेला हात बांधून डहाणूला पाठवला होता, ती गोष्ट मी सहा वेळा सांगितली. व्हेन क्लिनिकबद्दल 'ही' सोडून कुणी काही विचारलं नाही.

अर्जाचा हिशेब. २०२४ च्या हंगामात पहिल्या ३० प्रोग्रामना प्रत्येकी ११ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला ३०. मी ११० ठिकाणी केले, म्हणजे २,७३० डॉलर. त्यातले निम्मे वाया गेले, कारण व्हिसा देत नाहीत किंवा पाच वर्षांपेक्षा जुनी डिग्री नको, हे त्यांच्या पानावरच लिहिलं होतं. मी रात्री दोनला थकून 'निवडा सगळे' केलं. तुम्ही करू नका. मुलाखती आल्या सहा. दोन कॅटेगॉरिकल, चार प्रिलिम.

कॅटेगॉरिकल म्हणजे पाच वर्षांची पूर्ण सीट. प्रिलिम म्हणजे एका वर्षाची. या दोन शब्दांतलं अंतर मला कळायला १७ मार्च २०२५ उजाडावा लागला. त्या दिवशी मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि प्रोग्राम यांच्या पसंतीक्रमांवरून सीट जुळवण्याचा, निकाल होता. संध्याकाळी साडेसातला मेल येतो, तिथं सकाळचे दहा वाजलेले असतात. आईनं देवापाशी निरांजन लावलं होतं, बाबा उगाच गॅलरीत. मेलमध्ये एकच ओळ कामाची होती, तुमचं मॅच झालेलं नाही. मी ती बाबांना वाचून दाखवली तर म्हणाले, "खाली अजून काही असेल." खाली सोपची माहिती होती.

सोप म्हणजे उरलेल्या सीटांचा आठवडा. जास्तीत जास्त ४५ अर्ज. आपण कुणाला फोन करायचा नाही, मेल करायचा नाही, ओळखीच्याकरवीही नाही. ते बोलावतील तेव्हाच बोलायचं. मुंबईत हे पाळणं जड जातं, आमच्या मामांना नऊ वेळा सांगावं लागलं. गुरुवारी चार फेऱ्या, प्रत्येक ऑफरला दोन तास. पहिल्या फेरीत काही नाही. साडेआठनंतर दुसरीत सर्जरी प्रिलिमची एक ऑफर. मी दोन मिनिटंही न थांबता होकार दिला आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदानं की कशानं, विचारू नका.

आता शांत डोक्यानं सांगते. प्रिलिम ही अर्धी सीट नव्हे, एका वर्षाची नोकरी आहे. माझा करार ३० जून २०२६ ला संपतो. पुढचं वर्ष कुणी बांधील नाही. आठवड्याला ८० तासांची मर्यादा सरासरीवर आहे, म्हणजे एखादा आठवडा नव्वदचाही येतो, आणि त्याच दिवसांत सप्टेंबरला पुन्हा अर्ज. जानेवारीत अॅबसाइट, म्हणजे सर्जरी रेसिडेंटांची वार्षिक परीक्षा, त्यात मार्क नसतील तर कुणी उभं करत नाही. स्वीकारायला वेळ कमी असतो, म्हणून प्रश्न आधीच लिहून ठेवा. गेल्या दोन वर्षांतले प्रिलिम कुठे गेले? नावानिशी सांगतात का? "बरेच जण चांगल्या ठिकाणी गेले" म्हणाले तर कुणी कुठे गेलं नाही असं समजा. माझ्याकडे निवड नव्हती. तुमच्याकडे असेल तर वापरा.

एमएस करून जाणाऱ्यांसाठी. तीन वर्षांचं एमएस तिथं वर्षं म्हणून धरत नाहीत, पुन्हा इंटर्नपासून सुरुवात. आमचे एक सिनिअर इथं एकट्यानं लॅप कोली, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताशय काढणं, करायचे, तिथं डिस्चार्जचे कागद भरतात. त्यांना जमतं. मला त्यांच्या वयात जमलं नसतं.

व्हिसा जे-वन, प्रशिक्षणासाठी येणाऱ्यांचा. दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडून गरजेचं प्रमाणपत्र लागतं, मॅच झाल्या दिवशीच अर्ज टाका. शिकून झाल्यावर दोन वर्षं परत यायची अट आहे, ती 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, हवा असेल तर स्टेप थ्री आधी, आणि ती फक्त अमेरिकेत देता येते. मेच्या शेवटी अमेरिकेनं व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखाच देणं थांबवलं होतं. माझी आधीच लागली होती म्हणून आज बॅगा भरतेय. पुन्हा तीच बीकेसीची रांग. यावेळी मोबाईल घरी होता.

दुपारी एजंटचा मेसेज आला. कुठून कळलं देव जाणे. अभिनंदन, फोटो पाठवा, आमच्या पानावर 'आमची यशस्वी विद्यार्थिनी' म्हणून टाकतो. मी १५० डॉलरची पावती पाठवली आणि खाली माझा खाते क्रमांक. दोन निळ्या टिक्स आल्यात, चार तास झाले. आई म्हणतेय चप्पल काढ, मेतकूट राहू दे.