घरात सायकली तीन, पंप एक

हवा भरायच्या पंपाच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? कमाल प्रेशर. १६० पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड दाब), म्हणजे ११ बार. शेजारच्या खोक्यावर १२० दिसलं की हात आपोआप १६० कडे जातो. उभा पंप, ज्याला फ्लोअर पंप म्हणतात, तो घ्यायचं ठरलं तेव्हा मी हा आकडा सगळ्यात शेवटी बघायचं ठरवलं. आमच्या घरातल्या एकाही टायरला त्याच्या निम्मीसुद्धा हवा लागत नाही.

माझी हायब्रिड आहे, टायर ३२ मिलिमीटरचे. त्यात मी ६० ते ७० पीएसआय ठेवतो. मुलीची जाड टायरांची माउंटन बाइक, तिला तीस-पस्तीस पुरतात. तिसरी बाबांची जुनी, वजनदार सायकल. तिच्या व्हॉल्व्हवर अजून रबरी वॉल्व्ह ट्यूब चढवावी लागते. टायरच्या कडेवर किती हवा चालते ते छापलेलं असतं. धूळ पुसून तिन्हींचे आकडे मी कागदावर उतरवले आणि तोच कागद खिशात घालून खरेदीला निघालो.

व्हॉल्व्हचा प्रश्न आधी सोडवावा लागला, कारण तिन्ही सायकलींचे व्हॉल्व्ह वेगळे. माझा प्रेस्टा: बारीक, ६ मिलिमीटरचा. टोकावरची इवलीशी चकती सैल केल्याशिवाय त्यात हवा जात नाही. मुलीचा श्रेडर, ८ मिलिमीटरचा, मोटारसायकलला आणि कारला असतो तोच. बाबांचा डनलॉप, तोच रबरी ट्यूबवाला. त्यातल्या त्यात बरं म्हणजे प्रेस्टासाठीचं नोझल डनलॉपवरही बसतं, त्यामुळे प्रेस्टा आणि श्रेडर दोन्ही घेणारा पंप मिळाला की तिन्हींचं काम भागतं. असे पंप दोन तऱ्हेचे असतात. काहींच्या तोंडाला दोन भोकं असतात, ज्याला जे लागेल ते वापरायचं. काहींना एकच भोक असतं, आतला रबरी तुकडा उलटा केला की दुसरा व्हॉल्व्ह बसतो. मला दोन भोकांचं पसंत पडलं. रबर उलटायला तोंड उघडायचं आणि तो तुकडा जमिनीवर शोधत बसायचं, हे आमच्या घरात रोजचं झालं असतं. आटे फिरवून बसणारं तोंडही पाहिलं. पकड झकास, पण काढताना कधी कधी प्रेस्टाचा आतला गाभाच त्याच्याबरोबर फिरून बाहेर येतो आणि भरलेली सगळी हवा जाते. खटका दाबून अडकणारं तोंड त्यापेक्षा सोयीचं.

आता मुख्य गोष्ट. पंप मारायला जड की हलका, हे ठरतं नळकांड्याच्या रुंदीवर. १०० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७ किलोचा दाब. नळकांडं आतून ३० मिलिमीटर रुंद असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ होतं जेमतेम ७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे शेवटच्या दाबांना हँडलवर पन्नासेक किलोचा भार द्यावा लागणार. तेच नळकांडं ४० मिलिमीटरचं असेल तर ८८ किलो! साठ किलो वजनाचा माणूस हँडलवर लोंबकळला तरी तिथवर पोचणार नाही, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. पण रुंद नळकांडं वाईट असतं असं नाही. तेवढ्याच उंचीत त्यात पावणेदोन पट हवा मावते, आणि मुलीच्या जाड टायरला ३० पीएसआयपर्यंत नेताना भार जेमतेम सव्वीस किलोचा. बारीक टायरवाल्यानं अरुंद पंप घ्यावा, जाड टायरवाल्यानं रुंद. आमच्या घरात दोन्ही, म्हणून मी मधला मार्ग धरला: ३५ मिलिमीटरच्या आसपासचं नळकांडं. ७० पीएसआयला त्यावर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस किलो लागतात. मला ते जमतं. मुलगी आपल्या टायरपुरतं एकटी मारते.

नळकांड्याची रुंदी खोक्यावर सहसा नसतेच. मी मोजपट्टी नेली होती. बाहेरून मोजून अंदाज घेतला, तेवढ्यावर काम झालं.

गेज म्हणजे पंपावरची प्रेशर दाखवणारी तबकडी. तिच्या बाबतीत खोक्यावरचा मोठा आकडा तर उलट नडतो. काट्याच्या गेजची चूक पूर्ण मापाच्या टक्क्यांत धरतात. समजा ती तीन टक्के आहे. १६० च्या गेजवर म्हणजे पाचेक पीएसआय इकडे किंवा तिकडे. शंभरच्या टायरला त्यानं काही बिघडत नाही. तिशीच्या टायरला मात्र पाचाचा फरक म्हणजे सहावा हिस्सा गेला! शिवाय तबकडीवर शून्य ते तीस एवढ्याशा कोपऱ्यात दाटलेलं असतं, उभ्यानं वाचताही येत नाही. म्हणून १२० पर्यंतची, मोठी तबकडी असलेला पंप मी बाजूला काढला. डिजिटल गेज वाचायला छान होतं, पण त्यात सेल टाकावे लागतात, आणि ऐन वेळी सेल संपण्याची सवय आमच्या घरातल्या सगळ्याच वस्तूंना आहे.

हवा बघायला आपला अंगठा पुरतो, असं बाबांचं मत. बारीक टायर पन्नासला दाबला काय आणि ऐंशीला दाबला काय, बोटाला दगडासारखाच लागतो. कमी हवेवर खड्ड्यात आदळला की ट्यूब रिमवर चिमटून तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. हे मी त्यांना समजावलं. पण त्यांच्या स्वतःच्या सायकलीपुरतं त्यांचंच बरोबर निघालं. त्या रबरी वॉल्व्ह ट्यूबमधून हवा उलटी नळीत येतच नाही, म्हणून गेज टायरमधलं प्रेशर दाखवत नाही. रबर उघडायला जेवढा जोर लागतो तो धरून जास्तीचंच दाखवतं. तिथे अंगठाच खरा. बाबांनी हे दोनदा वदवून घेतलं.

दुकानदारानं अर्थातच १६० वाला पुढे केला.

"साहेब, हाच न्या, सगळ्यात पॉवरफुल आहे."

"याच्या तोंडातलं रबर आणि दट्ट्याचं वॉशर सुटं मिळतं का?"

"त्याची गरजच पडत नाही हो."

गरज पडते. पंपात झिजतात त्या याच दोन वस्तू. तोंडातलं रबर व्हॉल्व्हवर घासून सैल होतं आणि तिथून हवा सुसाटते. दट्ट्याचं वॉशर कोरडं पडलं की हँडल खाली जातं पण काटा हलत नाही. रबर बदललं, वॉशरला थेंबभर तेल किंवा ग्रीस दिलं की पंप पुन्हा चालू. सुटे भाग मिळत नसतील तर कितीही स्वस्त पंप महागच पडतो. ज्याचे सुटे भाग त्याच दुकानात पाकिटात टांगलेले होते, त्या पंपाकडे मी वळलो. नळकांडं स्टीलचं, पायही लोखंडी आणि रुंद. प्लास्टिकच्या पायाचा एक पंप त्याहून स्वस्त होता, पण त्यावर उभा राहिलो तर तो पायाखाली वाकत होता.

घेण्याआधी दुकानातल्याच एका सायकलला हवा भरून पाहिली. सत्तरपर्यंत नेऊन हँडल खाली दाबलं आणि हात काढला. हँडल जागेवर राहिलं. ते आपोआप वर चढू लागलं असतं तर तळाचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा उलटी येऊ न देणारी झडप, गळतो असं समजून तो पंप परत ठेवला असता. नळकांड्याचा खालचा भाग हाताला गरम लागला. हवा दाबली की ती तापते, त्यात काळजीचं काही नाही. नोझल काढताना फुस्स झालं तेही बहुतेक नळीतल्या हवेचं, टायरमधली गेली असं वाटून पुन्हा भरत बसायची गरज नसते. प्रेस्टाला लावल्याबरोबर काटा शून्यावरच राहतो, याची मात्र सवय करावी लागते. एक दाब मारला, आतला व्हॉल्व्ह उघडला, की मग तो खरं बोलायला लागतो.

पंपाची एक गोष्ट मला अजून खटकते: नळी आखूड आहे. सायकल स्टँडवर चढवलेली असली आणि व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आला तर नोझल जेमतेम पोचतं, म्हणून चाक फिरवून व्हॉल्व्ह खाली आणावा लागतो. लांब नळीचा पंप तिथे होता, पण त्याचं गेज पायाशी, करंगळीच्या नखाएवढं. नळीपेक्षा मी गेज निवडलं. चाक फिरवणं काही फार कष्टाचं नाही, आणि नळी पुढेमागे बदलता येते. तिचे आटे साधेच आहेत, हे मी दुकानातच बघून ठेवलं.